एका पायाची गाडी

बाबा घरी बसले आणि मग घरात बाकी कुणालाच बसवेना. ते लॉरी ड्रायव्हर. मिलच्या आवारात कापसाची गाठ उतरवताना दोर निसटला आणि गाठ त्यांच्या डाव्या पावलावर आली. पाय राहिला, पण घोट्यातून वळायचा थांबला. चालताना तो फळीसारखा आपटायचा. जिना उतरता यायचा, बाजारात जाता यायचं, क्लच मात्र दाबता यायचा नाही. आणि ज्याला क्लच दाबता येत नाही तो ड्रायव्हर कसला? लालबागच्या आमच्या चाळीत एक खोली आणि तिच्यापुढे पडवीसारखा तुकडा. त्या तुकड्यात बाबा स्टुलावर बसून सुपारी कातरत राहायचे. समोरून ट्राम गेली, लॉरी गेली, की बसल्या जागी त्यांचा पाय नकळत दाबल्यासारखा व्हायचा. आई ते बघायची आणि स्टोव्हला उगाचच जोरात पंप मारायची.

आईची खानावळ होती. गावचे, मालवण-कणकवलीकडचे, मिलमध्ये कामाला असलेले पुरुष पाळीप्रमाणे जेवायला येत. पहिल्या पाळीचे भोंगा व्हायच्या आधी चहा-भाकरी खाऊन जात, दुपारी दुसऱ्या पाळीचे येत, आणि मधल्या वेळात आई नारळ खवत असे. आमच्या घराचा खरा आवाज तोच. खवणीची खरखर, स्टोव्हची फुरफुर आणि जेवणाऱ्यांचे वाद. त्या दिवसांत वाद एकच होता. मुंबई आपली की नाही. कालच्या सभेत कोण काय बोललं, कुठल्या नाक्यावर लाठी चालली, कोण पकडला गेला. हातातला घास हातातच राहायचा आणि आई ओरडायची, "आदी जेवा रे, मगे महाराष्ट्र घेवा! कढी निवता हा." ते हसायचे आणि पुन्हा भांडायला लागायचे.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. पुढे काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आई म्हणायची लग्न, बाबा काहीच म्हणायचे नाहीत. रस्त्यावरून मोर्चा निघाला की मी गॅलरीच्या कठड्याला लोंबकळून बघायची. हातात झेंडे घेतलेल्या बायका पुढे असायच्या. त्यांच्यात जायचं म्हणून मी एकदा अर्धा जिना उतरलेही होते, पण आईने वेणी धरून वर आणलं. आता या वयात गुडघे बदलून घेतलेली मी खुर्चीत तासन् तास बसते, आणि तेव्हा मला पाच मिनिटं एका जागी का राहवत नव्हतं ते मलाच कळत नाही. सगळं शहर कुठेतरी निघालंय आणि आपण तेवढे खोबऱ्याच्या करवंट्या गोळा करतोय असं वाटायचं.

बाबांचा पाय ज्यांनी वाचवला त्या डॉक्टरबाई गिरगावात राहत. दवाखानाही तिथेच, ठाकूरद्वारजवळच्या एका गल्लीत. पन्नाशीच्या, विधवा, नऊवारीवर पांढरा कोट घालणाऱ्या. आठवड्यातून एकदा त्या परळला येऊन मिलकामगारांच्या बायकांना फुकट तपासत. बाबांचा पाय कापायचा असं सगळे म्हणत असताना "थांबा जरा" एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला होता. त्या एकदा पाय बघायला आमच्या घरी आल्या, आईने केलेली सोलकढी उभ्याउभ्या प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मला डाव्या पायाची सवय नसलेला ड्रायव्हर हवाय. येता का?"

बाबांना वाटलं थट्टा करतात.

थट्टा नव्हती. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी एक अमेरिकन गाडी घेतली होती. निळी, पसरट, म्हशीसारखी सुस्त. तिच्यात क्लचच नव्हता. गिअर गाडी आपले आपण टाकायची. आज माझा नातू तशीच गाडी चालवतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र गिरगावातली माणसं काचेतून डोकावून पायाखालची दोनच पेडलं मोजून जायची. डॉक्टरबाईंच्या आधीच्या ड्रायव्हरचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला जायचा आणि त्या रुंद ब्रेकवर पडायचा. डॉक्टरबाईंचं कपाळ दोनदा पुढच्या सीटवर आपटलं. "त्याला दोन पाय आहेत, हीच त्याची अडचण," त्या म्हणाल्या.

बाबा दुसऱ्या दिवशी खाकी पँट घालून गेले. संध्याकाळी आले तेव्हा जिन्यावरचा त्यांचा पाय आपटण्याचा आवाजच वेगळा होता. त्या दिवशी त्यांनी सुपारीला हात लावला नाही.

गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याला एक लिव्हर होती. समोर काचेखाली इंग्रजी अक्षरं ओळीने, पी, एन, डी, एल, आर, आणि त्यांच्यावर सरकणारा लाल काटा. पी म्हणजे उभी करायची, एन म्हणजे मोकळी, डी वर टाकलं की पुढे निघायची, एल वर चढ चढायची, आर वर मागे जायची. किल्ली फिरवून एक बटण दाबलं की इंजिन सुरू. हे सगळं मला पाठ झालं, कारण गाडीने पहिल्या उन्हाळ्यातच नखरे सुरू केले आणि बाबांना गाडीखाली किंवा डॅशबोर्डखाली आडवं होता येत नव्हतं. आडवे झाले की त्या पायाने उठवत नसे. म्हणून मी जायला लागले. पोरीने मोटारीच्या कामाला जाणं आईला पटेना. ती म्हणाली, "चेडवाचा थंय काय काम?" बाबा म्हणाले, "माझे पाय ती हा." मग आई मला रोज डबा बांधून देताना झाकण जरा जास्तच जोरात लावायची.

गाडीचा नखरा असा की बटण दाबलं तर काहीच व्हायचं नाही. इंजिन घरघरून थांबलं तर माणूस समजू शकतो, पेट्रोल बघतो, प्लग काढतो. इथे टकसुद्धा नाही. दिवे लख्ख लागायचे, हॉर्न वाजायचा, आणि बटण दाबलं की मेल्यासारखी शांतता. मग बाबा लिव्हर खालीवर करायचे, शिव्या घालायचे, पुन्हा दाबायचे, आणि अचानक गाडी अशी सुरू व्हायची की जणू काही झालंच नव्हतं. कुठे अडेल त्याचा नेम नव्हता. एकदा बाळंतिणीच्या दारात अडली, एकदा भर ऑपेरा हाऊसच्या चौकात. चौकात लोकांनी हौसेने धक्का मारला. गिरगावात धक्का मारायला माणसं कमी पडत नाहीत. पण या गाडीला धक्क्याचा उपयोग नव्हता. चाकं फिरली म्हणून इंजिन फिरायचं नाही. "हिला धक्क्याने सुरू करायची तर आधी आगगाडीइतकी पळवायला पाहिजे," बाबा घामाघूम होऊन लोकांना सांगत होते, आणि लोक "अजून थोडं, अजून थोडं" करत गाडी ढकलत राहिले. शेवटी गाडी रस्त्याच्या कडेला लावून सगळ्यांनी उसाचा रस प्यायला.

डॉक्टरबाईंचे पुतणे शरदराव त्यांचा व्यवहार बघत असत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या काकूला रात्री-अपरात्री बोलावणी येत आणि गाडी बंद पडली की त्यांना टॅक्सी शोधत फिरावं लागे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "काकू, दिवाळीपर्यंत ही नीट झाली तर ठीक. नाहीतर विकायची आणि इथं बनणारी साधी गाडी घ्यायची." साध्या गाडीला क्लच असणार होता. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. शरदरावांच्या बहुतेक ते लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं. घरी परतताना ट्राममध्ये बाबांचा तो न वळणारा पाय सारखा हलत होता.

मग आमची धावपळ सुरू झाली. बॅटरी बदलली. बॅटरीची टोकं घासून चकचकीत केली. स्टार्टर काढून दुरुस्तीला दिला, परत बसवला. दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मुकी. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून तारा तपासत राहायची. केसात ग्रीस, परकराला तेलाचे डाग. गाडी सुरू झालीच तर बाबा मला दवाखान्यामागच्या फाटकाआडच्या मोकळ्या जागेत ती पुढेमागे घ्यायला लावत. त्यांना खाली वाकून काहीतरी ऐकायचं असे. एका पायाचं काम, मला लगेच जमलं. त्या वीस-पंचवीस हात जागेत मी गाडी न्यायची-आणायची आणि वाटायचं, हे फाटक कुणीतरी उघडावं.

शेवटी ऑपेरा हाऊसच्या बाजूचा जोसेफ मिस्त्री आला. त्याने अर्ध्या तासात दुखणं शोधलं. ही गाडी पी किंवा एन वर असेल तरच सुरू व्हावी म्हणून स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक छोटा स्विच होता. लिव्हर बरोबर जागी आली की तो आत दाबला जाई आणि मगच स्टार्टरला वीज पोचे. तोच जुळत नव्हता. जोसेफने त्याच्या दोन्ही तारा सोडवल्या, एकमेकींना पीळ देऊन जोडल्या आणि वरून काळी पट्टी गुंडाळली. बटण दाबलं. गाडी सुरू. बंद केली, दाबलं, सुरू. दहादा.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं. तो स्विच बिनकामाचा आहे. तुम्ही फक्त काटा एन वर बघून बटण दाबा."

"आणि चुकून डी वर असली तर?"

"ड्रायव्हर चुकतो कशाला?" जोसेफ हसला.

बाबांना ते पटलं नव्हतं. पण दिवाळी जवळ होती, गाडी दर वेळी सुरू होत होती, शरदराव खूश होते. बाबा प्रत्येक वेळी काटा बघायचे, मग त्या एन ला बोट लावायचे, आणि मग बटण दाबायचे. देवाला हात लावावा तसं.

त्या दिवशी मुंबईसाठी हरताळ होता, सगळं बंद होतं. मिल बंद, ट्राम बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. मी आदल्या दिवसापासून गिरगावातच डॉक्टरबाईंकडे अडकले होते, बाबाही. दुपारी परळहून एक बाई चालत दवाखान्यात आली. लालबागला अश्रुधूर सोडला होता, लाठ्या चालल्या होत्या. डोकी फुटलेली माणसं इस्पितळात जायला घाबरत होती, कारण तिथून पोलीस उचलत होते. डॉक्टरबाईंनी बॅग उचलली. शरदराव दारात आडवे झाले. "काकू, आज मोठी गाडी घेऊन तिकडे जाणं म्हणजे..."

"पायी गेले तर उद्या पोचेन," त्या म्हणाल्या. बाबांकडे बघून विचारलं, "येता?" बाबा उठले. मला कुणी विचारलं नाही. मी मागच्या सीटवर, वाट दाखवायला निघालेल्या त्या परळच्या बाईशेजारी जाऊन बसले आणि कुणी उतर म्हणायच्या आत दार लावून घेतलं.

भायखळ्यापर्यंत रस्ता ओस होता. लालबागच्या नाक्यावर माणसं होती. आमचीच माणसं, आमच्याच रस्त्यावर, पण मी ती गाडीच्या काचेतून बघत होते आणि ती वेगळी दिसत होती. चपलांचा खच पडला होता. हवेने अजून डोळे चुरचुरत होते. कुणीतरी ओरडलं, "शेठची गाडी! काचा फोडा!" बॉनेटवर हात आपटले. डॉक्टरबाईंनी काच खाली केली आणि बाहेर डोकं काढून म्हणाल्या, "शेठ नाही, डॉक्टर आहे. जखमी कुठे आहेत ते सांगा, नंतर फोडा." बॉनेटवरचे हात थांबले. मग ती वाट दाखवायला आलेली बाई उतरली, तिने ओळखीच्यांना हाका मारल्या आणि गर्दीने रस्ता दिला. डॉक्टरबाई तिच्यामागे गल्लीत शिरल्या. "इथेच थांबा," त्या म्हणाल्या.

बाबांनी लिव्हर एन वर आणली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आम्ही थांबलो. गाडीपुढेच एक माणूस पाठमोरा उभा राहून बांबूला झेंडा बांधत होता. सुतळी दातात धरलेली. मला उतरायचं होतं, त्या माणसांत जायचं होतं, घर तर चार ढांगांवर होतं. मी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि बाबा म्हणाले, "बस थंयच." तेवढ्यात मागून ओरडा झाला. पोलिसांच्या लॉऱ्या वळल्या होत्या. लोक पळायला लागले. कुणीतरी गाडीच्या टपावर थापा मारल्या, "गाडी काढा! गल्लीत घ्या!" बाबांनी काट्याकडे बघितलं. मीही बघितलं. काटा एन वर होता. त्यांनी बोट लावलं, हँडब्रेक सोडला, पायाने अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला आणि बटण दाबलं.

गाडीने उडी घेतली.

बाबांनी ब्रेक मारला, पण मधल्या हातभर जागेत तो झेंडेवाला होता. बंपर त्याच्या नडगीवर बसला. कट् असा आवाज मी काचेआडून ऐकला. तो बांबूसकट खाली गेला. पळणारी माणसं थांबली. लॉऱ्या तशाच सरळ पुढे निघून गेल्या, त्यांना आमच्यात रस नव्हता. आणि मग सगळी गर्दी आमच्यावर आली.

"मुद्दाम घातली! पोलिसांचा माणूस आहे!"

बाबांना दार उघडून बाहेर ओढलं. ते एका पायावर तोल सावरत उभे राहिले. कुणीतरी कॉलर धरली, कुणीतरी तोंडावर मारलं, टोपी गेली. मी मधे घुसून ओरडत होते, "मुद्दाम नाही, तार जोडलीय, ती तार..." पण तारेचं कोण ऐकणार? एकाने मला दंडाला धरून बाजूला केलं. मी त्याच्या हाताला चावले. मग एक म्हातारा गृहस्थ बाबांकडे निरखून बघत म्हणाला, "अरे, हा तर खानावळवाल्या बाईचा नवरा. गाठीखाली पाय गेलेला." मारणारे हात थोडे थांबले, सुटले नाहीत.

डॉक्टरबाई गल्लीतून आल्या. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हाताला दुसऱ्याच कुणाचं रक्त. त्या बाबांकडे आल्याच नाहीत. सरळ त्या पडलेल्या माणसाजवळ बसल्या, पायाला हात लावला, त्याच्याच बांबूचे दोन तुकडे करायला सांगून झेंड्याच्या सुतळीने पाय बांधला. मग मान वर करून म्हणाल्या, "हाड मोडलंय. इस्पितळात न्यायला हवं. आत्ता."

"कशानं न्यायचं?"

"ह्याच गाडीनं."

"हा नाय चालवणार!" तीन-चार जण एकदम.

"मी नाय चालवणार," बाबा म्हणाले. तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून निघालेले पहिले शब्द. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले.

"मी चालवते," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. दोघांनी जखमीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी पुढच्या दारातून आत गेले आणि बसण्याऐवजी डॅशबोर्डखाली आडवी झाले. ती जोडलेली तार आत असताना मी त्या बटणाला हात लावणार नव्हते. वरून आवाज येत होते, "काय करते ही पोरगी?" आणि त्यात बाबांचा आवाज, अगदी शांत, "तिला करू द्या. ती बरोबर करता." मी पट्टी ओरबाडून काढली, पीळ सोडवला, दोन्ही तारा स्विचला परत लावल्या. बोटं कापली, ते नंतर कळलं.

आता गाडी तिच्या मूळ दुखण्यावर आली होती. काटा एन वर, बटण दाबलं, काही नाही. सगळे बघत होते. पुन्हा दाबलं. काही नाही. मागे तो माणूस दात चावून कण्हत होता. बाबा काचेजवळ वाकले. "लिव्हर आपल्याकडे ओढ. आता वर. काट्याकडे बघू नको, तो खोटं बोलता. हाताला काय लागता ता बघ." मी डोळे मिटले. लिव्हर ओढली, वर उचलली, बटण दाबून धरलं आणि तशीच केसभर वर सरकवत राहिले. कुठेतरी दांड्याच्या तळाशी काहीतरी बसल्यासारखं हाताला लागलं आणि इंजिन सुरू झालं.

लालबाग ते परळचं मोठं इस्पितळ, अंतर ते केवढं. पण मी फाटकाबाहेर गाडी कधी काढलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी माणसं बॉनेटवर हात ठेवून चालत होती. मला आधार म्हणून की मी पळून जाऊ नये म्हणून, कोण जाणे. बाबा शेजारी बसले होते आणि हळू आवाजात सांगत होते, "सोड. सोड. आता जरा धर." मागून तो जखमी एकदम म्हणाला, "माझी एक चप्पल राहिली तिकडं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाय आहे ना, चप्पल मिळेल." तो म्हणाला, "नवी होती हो बाई."

त्याचं नाव भागुराम कांबळे. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर कामाला. त्याच संध्याकाळी इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला. बाबा कोपऱ्यात उभे होते. आपल्याला आता धरून नेणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आईला निरोप काय द्यायचा तेही मला सांगून ठेवलं होतं. कांबळे हवालदाराला म्हणाला, "गर्दीत पडलो. कुणीतरी पायावर पडलं." हवालदार गेल्यावर बाबा त्याच्या खाटेजवळ गेले आणि सगळं सांगितलं. तार, जोसेफ मिस्त्री, काटा. कांबळे डोळे मिटून ऐकत होता. "मी त्याला कुणाचंच नाव देणार नव्हतो," तो म्हणाला. "तुमचं तरी का देऊ? पण ती गाडी नीट करा."

ती आम्ही केली. लिव्हरपासून खाली जाणाऱ्या दांडीच्या सांध्यात एक बुश, म्हणजे धातूचं कडं होतं, ते झिजून गेलं होतं. त्यामुळे वर काटा एन दाखवायचा आणि खाली गाडी डी मध्येच राहायची. ते पहिल्या दिवसापासूनचं दुखणं, आणि सगळे बॅटरी बघत होते. आमच्या खानावळीत जेवणारे गोविंदमामा मिलच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांनी पितळेचा बुश करून दिला. मी तो आडवं पडून बसवला, स्विचचे दोन स्क्रू सैल करून तो हलवत हलवत बरोबर जागी आणला आणि घट्ट केला. मग बाबांनी बाहेरून सांगायचं आणि मी बटण दाबायचं. "डी वर दाब." काही नाही. "एल वर." काही नाही. "आर." काही नाही. गाडी सुरू होत नाही म्हणून आम्हाला इतकं हायसं पूर्वी कधीच वाटलं नव्हतं. एन वर दाबलं तेव्हा सुरू झाली. शरदरावांनीही मग ती विकायचा विषय काढला नाही.

पण बाबा गाडीवर बसेनात. मी डॉक्टरबाईंना दवाखान्याच्या आसपास न्यायला लागले, बाबा शेजारी बसत आणि सूचना देत. लायसन नव्हतं माझ्याकडे. डॉक्टरबाई म्हणत, "पोलिसांना सध्या दुसरी कामं आहेत." मला आतून उकळ्या फुटत होत्या आणि त्याच वेळी बाबांकडे बघवत नव्हतं. ते पुन्हा सुपारी कातरायला लागले होते. आठवड्यातून दोनदा मात्र इस्पितळात जायचे. आई कुर्ल्यांचं, खेकड्यांचं सार डब्यात भरून द्यायची, "हाडां जुळतली तेची," म्हणून. सुरुवातीला डबा देताना तिचं तोंड आंबट असायचं. पुढे पुढे तीच विचारायला लागली, "कांबळ्याक सार आवडला काय?"

प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन कांबळेला घरी सोडायचा दिवस आला. मी गाडी इस्पितळाच्या दारात आणली. त्याची बायको जनाबाई एका बाजूने आणि बाबा दुसऱ्या बाजूने त्याला धरून घेऊन आले. तो दारापाशी थांबला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही चांगली चालवता. पण आज ह्यांना चालवू द्या."

"कांबळे, मस्करी नको," बाबा म्हणाले.

"मस्करी नाय. पाय तुमच्या हातनं मोडला. घरी पण तुम्हीच सोडायचं. नायतर मी इथंच बसतो." आणि तो खरंच पायरीवर टेकला. जनाबाई म्हणाली, "अहो, उठा की. हट्ट कसला?" पण उठवलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी उतरले. खरं सांगायचं तर मला उतरायचं नव्हतं. ती जागा मला आवडायला लागली होती आणि ती माझी आहे असं मी धरून चालले होते. मी मागे जाऊन बसले, कांबळेचा प्लॅस्टरचा पाय माझ्या मांडीवर घेतला. बाबांनी दार लावलं. लिव्हर डी वर आणून बटण दाबलं. शांतता. आर वर आणून दाबलं. शांतता. मग एन. मग बोट लावलं नाही त्यांनी काट्याला, नुसती लिव्हर हाताने चाचपली आणि बटण दाबलं. गाडी सुरू झाली. वरळीपर्यंत कांबळे खिडकीतून बाहेर बघत होता, आणि मी बाबांच्या मानेकडे. वळणावर ती आधी ताठ व्हायची, मग हळूहळू सैल व्हायला लागली.

बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीत आम्ही चहा प्यायलो. भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर होती, तिच्या चौकटीला अजून दुकानाची दोरी. जनाबाईने बशीत वाळवणाच्या पापड्या तळून दिल्या. बाबा आणि कांबळे मिलमधल्या गाठींबद्दल, दोरांबद्दल, मुकादमांबद्दल बोलत बसले, पायाबद्दल नाही. निघताना कांबळे म्हणाला, "या परत. गाडी असली तर गाडीनं, नायतर बसनं."

परत येताना मी पुढे बसले. करी रोडच्या पुलावर चढताना बाबा एकदम म्हणाले, "उद्या फोटो काढून घे. लायसनला लागतो."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"डॉक्टरबाईला दिवसा पण जावं लागता, रात्री पण. दोघांना पुरेल एवढं काम आहे." मग म्हणाले, "पण आईक सांगूक होया."

"कधी सांगायचं?"

"जेवताना. गाववाल्यांसमोर ती जास्त ओरडूची नाय."

ती ओरडली. दुसऱ्या पाळीची सगळी पंगत बसलेली असताना, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतकं ओरडली. गोविंदमामा ताटात बघून हसत होते. ओरडून झाल्यावर तिने पळी घेतली, तिरफळाच्या कालवणातला बांगड्याचा मोठा तुकडा काढून माझ्या भातावर घातला आणि म्हणाली, "फोटो काढूक जातलंस तर केस तरी धुव. ग्रीसाचो वास येता."